खोटं ठरवलं नाही, तरी ‘निराधार’ कसं? ब्रिटनच्या असायलम नकारातलं सर्टिफिकेट

प्रश्न विचारणाऱ्यांचा मावसभाऊ सांगली जिल्ह्यातला. २०२२ मध्ये मास्टर्स करायला इंग्लंडात आला. २०२४ च्या सुरुवातीला दोन महिने गावी जाऊन त्यानं दुसऱ्या जातीतल्या मैत्रिणीशी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं. तीस दिवसांची नोटीस कचेरीच्या फलकावर लागली आणि तिथूनच मुलीच्या चुलत्यांना बातमी कळली. चुलत्यांचं तालुक्यात वजन. मुलाच्या थोरल्या भावाला मारहाण झाली. पोलिसांनी अदखलपात्र म्हणून एनसी लिहून घेतली आणि घरी पाठवलं. नवराबायको पुण्याला जाऊन राहिले, तर बाविसाव्या दिवशी माणसं दारात. व्हिसा शिल्लक होता म्हणून तो परत आला, ती बेळगावला मैत्रिणीकडे गेली. व्हिसा संपल्यावर काही महिन्यांनी त्यानं असायलम, म्हणजे निर्वासित म्हणून आश्रय, मागितलं. आता नकार आलाय, सोबत सर्टिफिकेट: दावा ‘क्लिअरली अनफाउंडेड’, अपील नाही. विचारणाऱ्यांचं म्हणणं, “पत्रात तो खोटं बोलला असं कुठंही नाही. लग्न मान्य, मारहाण मान्य, धमक्या मान्य. मग निराधार काय आहे?”

मी इंग्लंडात सॉलिसिटर आहे आणि अठरा वर्षं इमिग्रेशनचंच काम करतोय. पत्र मी पाहिलेलं नाही, त्यामुळे खाली लिहिलंय तो या केसवरचा सल्ला समजू नका. पण प्रश्न अगदी नेमका आहे. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं हाच गोंधळ घेऊन येतात.

घोळ शब्दापासून सुरू होतो. मराठीत ‘निराधार’ म्हटलं की ‘निराधार आरोप’ आठवतात, म्हणजे थापा. ब्रिटनच्या २००२ च्या नॅशनॅलिटी, इमिग्रेशन अँड असायलम कायद्याच्या कलम ९४ मध्ये या शब्दांचा तसा अर्थ नाही. तिथं प्रश्न एवढाच असतो की हा दावा स्वतंत्र न्यायाधीशापुढे गेला, तर तो मंजूर होण्याची काहीतरी वाट आहे का? एकही वाट दिसत नसेल तर दावा ‘उघडच निराधार’. माणूस शंभर टक्के खरं बोलत असला तरीसुद्धा. तुम्ही सांगलीकडचे आहात म्हणून त्याच भाषेत सांगतो: पैलवान कुस्ती मारणार की हरणार, हे इथं कुणी विचारत नाही. त्याला आखाड्यात उतरू द्यायचं की बाहेरूनच परत पाठवायचं, एवढंच ठरतं.

आणि बाहेरूनच परत पाठवणं आता पूर्वीपेक्षा जड झालंय. आधी सर्टिफिकेट लागलेल्या माणसाला निदान देश सोडल्यावर बाहेरून अपील करता यायचं. २८ जून २०२२ पासून तेही गेलं. आता सर्टिफिकेट म्हणजे ट्रायब्युनलकडे, इमिग्रेशनची अपिलं ऐकणाऱ्या न्यायासनाकडे, अपील करण्याचं दार बंद.

दार इतकं घट्ट बंद होतं म्हणूनच कोर्टांनी कसोटी कडक ठेवलीय. २००२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय) योगथास आणि थंगरासा यांच्या निकालात सांगितलं की दाव्यात इतका उघड पोकळपणा हवा, की अपील हरणारच हे ठरलेलं असावं. पुढच्या वर्षी झेडएल आणि व्हीएल नावानं ओळखलं जाणारं प्रकरण कोर्ट ऑफ अपीलपुढे आलं. चेक प्रजासत्ताकातून आलेली रोमा समाजातली आई आणि तिचा मुलगा. न्यायाधीश लॉर्ड फिलिप्स यांनी त्यात निर्णय घेणाऱ्याला एक क्रम घालून दिला. आधी दाव्यातला मजकूर आणि तपशील बघा. तो त्या देशाबद्दलच्या माहितीशी ताडून बघा. मग एकंदरीत विश्वास बसण्याजोगा आहे का ते विचारा. सगळा नसेल तर त्यातला काही भाग तरी तसा आहे का? आणि शेवटी, तेवढा भाग खरा धरला तर तो निर्वासित कराराच्या, म्हणजे निर्वासित कुणाला म्हणायचं हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, चौकटीत बसू शकतो का? एवढं करून कोणत्याही रास्त दृष्टीनं दावा टिकूच शकत नसेल, तरच सर्टिफिकेट. एका जरी रास्त दृष्टीनं टिकण्याची शक्यता असेल, तर नाही.

‘बसू शकतो का’ आणि ‘बसतो का’ या दोन प्रश्नांत सगळा फरक आहे. निर्णय देणारा गृहखात्याचा अधिकारी नकार लिहिताना दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. सर्टिफिकेट लावताना त्यानं पहिल्याचं द्यायला हवं, आणि त्यासाठी स्वतःचं मत बाजूला ठेवून ‘माझ्याशी असहमत होणारा एखादा समंजस न्यायाधीश असू शकेल का’ असं स्वतःला विचारायला हवं. पुष्कळ पत्रांत हे विचारलेलंच नसतं. पंधरा पानं नकाराची कारणं आणि शेवटी साच्यातला एक परिच्छेद: ‘वरील कारणांमुळे दावा उघडच निराधार ठरतो.’ मी पत्र हातात आलं की शेवटून वाचायला लागतो. त्या परिच्छेदात वेगळा विचार दिसला नाही तर पिवळी पेन्सिल बाहेर निघते.

आता तुमच्या प्रश्नातल्या खऱ्या गाठीकडे येतो. ऐकायला उलटं वाटेल, पण अधिकाऱ्यानं माणसावर अविश्वास दाखवला असेल तर सर्टिफिकेट टिकवणं त्याला अवघड जातं. कारण खरं-खोटं हा न्यायाधीशाच्या प्रांतातला विषय आहे; एकाला पटलं नाही ते दुसऱ्याला समोरासमोर ऐकल्यावर पटू शकतं. दावा इतका अशक्य हवा की कुणाचाच विश्वास बसू नये, आणि तसं क्वचितच असतं. म्हणून अनुभवी अधिकारी काय करतो? सगळं मान्य करून टाकतो. ‘तुमचं लग्न झालं, मारहाण झाली, धमक्या आल्या, मान्य. तरीही तुम्हाला तुमच्या देशात संरक्षण मिळतं आणि तुम्ही दुसऱ्या शहरात राहू शकता.’ तुमच्या भावाला जो उदारपणा वाटला, ती त्या पत्राची तटबंदी आहे.

उशिरा अर्ज केला म्हणून सर्टिफिकेट लागलं का, असंही तुम्ही विचारलंय. नाही. ब्रिटनच्या असायलमविषयक २००४ च्या कायद्याच्या कलम ८ खाली उशीर हा विश्वासार्हतेविरुद्ध मोजला जातो खरा, पण इथं विश्वासार्हतेचा वादच नाही.

म्हणजे तटबंदीत दगड दोन: पोलिसांचं संरक्षण आणि देशातल्या देशात स्थलांतर.

संरक्षणाबद्दल हॉर्वाथ प्रकरणातला २००० सालचा निकाल सांगतो की संरक्षण निर्दोष असण्याची गरज नाही. व्यवस्था हवी, आणि ती वापरण्याची तयारी आणि कुवत हवी. भारताच्या बाबतीत अधिकाऱ्यांचं काम सोपं असतं, कारण कागद भरपूर आहेत. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा शक्तिवाहिनी निकाल आहे, त्यात जोडप्यांसाठी विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारे यांचे आदेश आहेत. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा आहे. हे सगळं खरंच आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. तुमच्या हातात त्याच्याविरुद्ध एकच कागद आहे, ती एनसी. थोरल्या भावाला मारहाण होऊन अदखलपात्र नोंद? जखमा किती होत्या, दवाखान्याचा कागद आहे का, नंतर पोलीस अधीक्षकांकडे अर्ज केला का? केला आणि पोच आहे, तर तो सोन्यासारखा आहे. केलाच नाही, तर ‘वरच्याकडे दाद मागितली नाही’ हे वाक्य पत्रात असणारच, आणि त्याला उत्तर द्यायला जड जाईल. ही एक बाजू पूर्णपणे परिस्थितीवर अवलंबून आहे.

भारतातल्या केसेसचा खरा फैसला दुसऱ्या दगडावर होतो. जानुझी प्रकरणातल्या २००६ च्या निकालानुसार प्रश्न असा: दुसऱ्या ठिकाणी जाऊन राहा असं या माणसाला सांगणं अवाजवी किंवा फार जाचक होईल का? एवढा मोठा देश, शिकलेला तरुण, इंग्रजी येतं, हैदराबाद आहे, इंदूर आहे. पत्र इथं आत्मविश्वासानं बोलतं, आणि ट्रायब्युनलचे आधीचे निकालही त्याच्या मदतीला असतात. समलिंगी पुरुषांबद्दलचा भारतावरचा २०१४ चा मार्गदर्शक निकाल घ्या. तेव्हा कलम ३७७ जिवंत होतं, तरी ट्रायब्युनलनं म्हटलं की गावात धोका असला तरी मोठ्या शहरात जाणं सर्वसाधारणपणे जाचक नाही. असा मार्गदर्शक निकाल समोर उभा असेल तर ‘रास्त दृष्टी’ची जागा आणखी अरुंद होते, त्यापासून दूर जायला न्यायाधीशाकडे सबळ कारण लागतं.

पण हा ‘सर्वसाधारणपणे’ शब्द लक्षात ठेवा. पुण्यातले बावीस दिवस त्या शब्दाच्या बाहेरचे आहेत. बहुतेक अर्जदार म्हणतात ‘तिथंही शोधून काढतील’. तुमचा भाऊ म्हणतोय ‘काढलं’. पहिला अंदाज आहे, दुसरा अनुभव. पत्रानं मारहाण आणि धमक्या मान्य केल्या असतील तर पुण्याचं काय केलंय ते मला आधी बघायचंय. मान्य करून पुढं त्याच्यावर एक ओळही नसेल, तर सर्टिफिकेट डळमळीत आहे. ‘पुणे जवळ होतं, लांब गेला असता तर सापडला नसता’ असं म्हटलं असेल, तर निदान विचार केलाय म्हणावं लागेल. मग आपल्याला सांगावं लागेल की माग कसा लागला. ओळखीच्या कंडक्टरनं बघितलं? फोनवरून कळलं? आधार कार्ड दाखवून खोली घेतली आणि घरमालकानं पोलीस पडताळणीसाठी कागद गावच्या ठाण्यात पाठवले? शेवटचं असेल तर ते इंदुरातही घडू शकतं, आणि एखाद्या न्यायाधीशाला ते पटू शकतं. एवढं पुरे आहे. त्याला पटेलच, हे आज दाखवावं लागत नाही.

आता तुमच्या बाजूचा कच्चा दुवा सांगतो, कारण समोरचा तो सोडणार नाही. पत्नी बेळगावात आहे आणि तुम्हीच लिहिलंय की ‘तिथं अजून कुणी आलेलं नाही’. बेळगाव सांगलीपासून काही दूर नाही. अधिकारी म्हणेल, स्थलांतराचा याहून चांगला पुरावा कोणता? उत्तर तिथल्या तपशिलात आहे. ती नोकरी करते का? स्वतःच्या नावानं सिम आहे का? बाहेर पडते का? घरात कोंडून राहून माणूस सापडत नाही, याला कायदा वाजवी स्थलांतर म्हणेलच असं नाही. पण ती जर कुठल्या शाळेत शिकवायला जात असेल आणि संध्याकाळी बाजारात हिंडत असेल, तर मीच तुम्हाला सांगेन की पैसे वाचवा.

मुलाखतीची नोंद मागवा, आणि त्याहून महत्त्वाचं, ध्वनिमुद्रण मागवा. एका जुन्या केसमध्ये मुलाखतीला हिंदी दुभाषा होता आणि आमचा माणूस मराठीतून विचार करून तोडक्या हिंदीत बोलत होता. प्रश्न आला, मुंबईत राहू शकला असतास ना? त्याचं उत्तर मुद्रणात स्वच्छ ऐकू येतं: “रहने को क्या, कहीं भी रह सकते हैं.” आपण मराठी माणसं जे ऐकतो ते असं: राहायला काय, कुठंही राहता येतं हो, जगता येतं का ते विचारा. इंग्रजी नोंदीत उमटलं: ‘मी कुठेही राहू शकतो.’ नकारपत्रात स्थलांतराच्या परिच्छेदाचा पाया तेच वाक्य होतं, अवतरणचिन्हांसकट. त्या ‘काय’चा अर्थ समजावणारं दोन पानी प्रतिज्ञापत्र आम्ही एका भाषांतरकाराकडून करून घेतलं होतं. इतकं बारीक बघावं लागतं.

भारत ‘सेफ लिस्ट’वर आहे म्हणून सर्टिफिकेट आपोआप लागतं, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. अर्धंच खरं. कलम ९४ च्या यादीत भारत २००५ पासून आहे. यादीतल्या देशाचा माणूस असेल तर गृहमंत्र्यानं (प्रत्यक्षात त्याच्या वतीनं अधिकाऱ्यानं) सर्टिफिकेट द्यायचंच असतं, फक्त दावा उघडच निराधार नाही अशी खात्री पटली तर नाही. सक्ती आहे, पण कसोटी तीच राहते. प्रत्येक माणसाचा दावा वेगळा बघावाच लागतो. आणि यादी म्हणजे काही ब्रह्मवाक्य नाही. बांगलादेशचा त्यातला समावेश २००५ मध्ये इथल्या हायकोर्टानं बेकायदा ठरवला, आणि २०१५ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टानं ब्राउन प्रकरणात जमैकाबद्दल तेच केलं, कारण तिथल्या समलिंगी लोकांचा छळ हा ‘सर्वसाधारणपणे सुरक्षित’ या वर्णनात बसत नव्हता.

मग उपाय काय? अपील नाही, पण ज्युडिशियल रिव्ह्यू आहे. तो अपर ट्रायब्युनलमध्ये चालतो. तिथं न्यायाधीश सहसा ‘अधिकाऱ्याचा निर्णय तर्कसंगत होता का’ एवढंच बघतात, आणि त्यात अधिकाऱ्याला बरीच मोकळीक मिळते. सर्टिफिकेटच्या बाबतीत मात्र ती मोकळीक फारशी उरत नाही. २००९ च्या झेडटी (कोसोव्हो) निकालात त्याच लॉर्ड फिलिप्स यांनी कारण सांगितलं: दावा टिकेल की नाही याबद्दल रास्त शंका असेल, तर तो उघडच निराधार नसतोच. म्हणून न्यायाधीशाला तोच प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. अर्जदाराच्या वकिलासाठी ही फार मोठी सोय आहे. ‘अधिकारी वेडा होता’ हे सिद्ध करावं लागत नाही. ‘इथं दोन मतं होऊ शकतात’ एवढं दाखवलं की काम होतं.

पण अपेक्षा आवरून ठेवा. जिंकलात तरी असायलम मिळत नाही. सर्टिफिकेट रद्द होतं, आणि नकार कायम राहिला तर अपीलचा हक्क मिळतो, म्हणजे आखाड्यात उतरायला मिळतं. काही वेळा केस सुरू असतानाच सुधारित कारणांचं नवं नकारपत्र येतं, नव्या सर्टिफिकेटसकट, आणि डाव पुन्हा मांडावा लागतो. हरलात तर समोरच्याचा खर्च अंगावर येऊ शकतो.

एक चूक सगळे करतात: नवे पुरावे थेट रिव्ह्यूच्या अर्जाला जोडतात. रिव्ह्यूमध्ये मुख्यतः अधिकाऱ्यापुढे त्या दिवशी काय होतं ते बघितलं जातं. पत्नीचं बेळगावचं प्रतिज्ञापत्र त्याच्यापुढे नव्हतं, तर ते आधी त्याच्याकडेच पाठवायचं, रिव्ह्यूआधी द्यायच्या नोटिशीच्या पत्राबरोबर किंवा इमिग्रेशन नियम ३५३ खाली नवं निवेदन म्हणून. तिथली कसोटी ‘यशाची वास्तव शक्यता’ अशी आहे; शब्द वेगळे, प्रत्यक्षात फरक बारीक.

मुदत: अर्ज तातडीनं, आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांत. ‘तातडीनं’ हा शब्द आधी येतो, तो उगीच नाही. तीन महिने आहेत म्हणून अडीच महिने कागद जमवत बसलात तर तेही अंगाशी येतं. शिवाय सर्टिफिकेट लागलेल्या माणसाला परत पाठवण्याची तयारी दरम्यान सुरू असते.

तुमच्या भावाच्या पत्रात मानवी हक्कांचाही परिच्छेद असेल, युरोपीय मानवी हक्क कराराच्या कलम ८ चा (खासगी आणि कौटुंबिक जीवनाचा हक्क), शिक्षण आणि इथले मित्र वगैरे. त्यावर वेळ घालवू नका. पटेल प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्येच सांगितलंय की अभ्यासक्रम पूर्ण करण्याची संधी हा स्वतःत कलम ८ नं जपलेला हक्क नाही. इथं ब्रिटिश मूल किंवा जोडीदार असता तर गोष्ट वेगळी.

एक अप्रिय पर्यायही मांडतो, कारण फी घेणारा वकील तो सहसा शेवटी सांगतो. कागद बघून केस लंगडी वाटली तर स्वतःच्या खर्चानं परत जाण्याचा विचार करा. व्हिसा संपून राहिलेला माणूस स्वखर्चानं स्वतःहून गेला, तर पुन्हा येण्यावर साधारण १२ महिन्यांची बंदी असते. सरकारनं खर्च करून काढून दिलं तर १० वर्षांची. अर्थात हे त्यालाच लागू, ज्याला परत गेल्यावर जिवाची भीती नाही. तुमच्या भावाला ती आहे की नाही, ते तुम्ही आणि तोच जाणता.

आणि तुम्ही लिहिलंय तो जो ‘एजंट’ पैसे घेऊन नवा अर्ज टाकून देतो म्हणतोय, त्याचा नंबर आजच पुसून टाका. इथं परवान्याशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा धंदा करणं हा गुन्हा आहे. सॉलिसिटर, बॅरिस्टर, किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदलेला सल्लागार, अशांकडेच जा. असायलमसाठी लीगल एड मिळू शकतं, तेही आधी विचारा.

या आठवड्यात करायचं ते असं. पत्रावरची तारीख आणि ते हातात पडल्याची तारीख, दोन्ही लिहून ठेवा. पाकीट फेकू नका. ध्वनिमुद्रणाची मागणी आजच पाठवा. सांगलीहून एनसीची प्रत आणि थोरल्या भावाचा दवाखान्याचा कागद मागवा. आणि बेळगावला फोन करून वहिनींना विचारा की गेल्या महिन्यात त्या कितीदा घराबाहेर पडल्या, कुठं गेल्या, सोबत कोण होतं. त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, मराठीतच लिहून घ्या. भाषांतर नंतर करू.